मी लिहिलेलं ‘म्हणे’

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, मंदिरात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातही नाही — तिथंही हा विषय जवळ आला की मी दुसरंच काहीतरी ठरवायला लागते. गहू कुठून आणायचा, उद्या कुणाला फोन करायचा, असं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तरी सांगते.

आधी मी कोण ते सांगायला हवं. कारण माझ्या जागी दुसरी कुणी असती, तर जे झालं ते कदाचित झालं नसतं.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. पन्नाशी ओलांडली आहे. आम्ही जैन, माहेर पेठ वडगावचं, सासर इथलं. गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तो मी चालवते. वर्षाचे तांदूळ, डाळी, मिरच्या एकदम आणायच्या, सहल काढायची, कुणाच्या घरी कार्य असलं तर कोण काय करणार ते ठरवायचं — सगळं माझ्याकडे. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि माझ्या यादीत चूक सापडत नाही. या स्वभावामुळेच आणखी एक काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. खरं-खोटं करण्याचं.

तुमच्याही ग्रुपवर येत असतीलच असले मेसेज. अमक्या बिस्किटात किडे आहेत. रात्री मोबाईल बंद ठेवा, आकाशातून किरण येणार आहेत. बाजारात प्लास्टिकचे तांदूळ आलेत. बायका मला विचारायच्या, “वैनी, हे खरं हाय का हो?” मग मी चौकशी करायची. डॉक्टरांना विचारायचं, दुकानदाराला विचारायचं. त्या प्लास्टिकच्या तांदळाचा तर मी भात शिजवून, खाऊन बघितला होता. आणि मग ग्रुपवर लिहायचं — “खोटं आहे. पुढे पाठवू नका.” एवढंच. त्यावर कुणी वाद घालत नसे. माझ्या त्या ओळीला वजन होतं, आणि ते किती आहे हे मला नेमकं माहीत होतं.

आता डंकाचं.

आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट — मिरच्या, खडा मसाला, खोबरं, कांदा, लसूण, सगळं भाजून एकत्र कुटलेलं. ते उन्हाळ्यात डंकावर नेतात. डंक म्हणजे विजेवर वरखाली होणारी लोखंडी मुसळं आणि त्यांच्याखाली उखळं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, म्हणून आपली चटणी आपल्या डोळ्यांसमोर कुटून घ्यायची. आमच्या मागच्या गल्लीत शोभाचा डंक होता. ती आणि तिचा नवरा, दोघंच चालवायचे. होळीपासून वळवाचा पाऊस पडेपर्यंत हंगाम, आणि त्या हंगामावर त्यांचं वर्ष.

आम्ही घरी कांदा-लसूण खात नाही. आमची चटणी वेगळी, आणि ती ज्या उखळात कुटायची तिथं आधीच्या कुणाच्या लसणाचा वासही राहायला नको. त्यासाठी शोभा एक गोष्ट करायची. तिला ती कुणी सांगितली नव्हती. जैन घराचा डबा आला की ती उखळात जाडं मीठ टाकायची आणि आधी तेच कुटायची. उखळाला, मुसळाला जे काही चिकटलेलं असेल ते मीठ ओढून घेतं. मग ते लाल झालेलं मीठ घमेल्यात काढून बाजूला ठेवायची, उखळ फडक्यानं पुसायची, आणि मग आमच्या मिरच्या घ्यायची. हे मी कितीतरी वर्षं बघत आले होते. त्या घमेल्यात काय असतं, हे मला माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी तिनं माझी चेष्टा केली.

एवढीशी गोष्ट आहे. सांगताना अजून कानशिलं गरम होतात. डंकावर रांग असते ती माणसांची नसते, डब्यांची असते. आपला डबा रांगेत ठेवायचा, घरी जाऊन भाकरी थापून यायचं. डबा आपली जागा राखतो. मला ही पद्धत कधी पटली नाही. डबे सरकतात, भांडणं होतात. मी ग्रुपमधल्या बायकांना वेळा वाटून दिल्या, व्यवस्थित तक्ता केला, छापून घेतला — डंकाच्या भिंतीला लावावा म्हणून. आणि माझ्या वेळेला मिरच्या घेऊन गेले. रांगेत डबा ठेवला नव्हता. कशाला ठेवू? तक्त्यात माझं नाव होतं की.

शोभानं कागद हातात घेतला. सुलटा बघितला, उलटा बघितला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वैनी, डबा कुठाय तुमचा? का ह्यो कागदच कुटू? तिखट किती घालू, सांगा की.”

सगळा डंक हसला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “खोबरं जास्त घाल गं शोभे, कागद कोरडा असतोय.” पुन्हा हशा. माझा नंबर सगळ्यात शेवटी लागला. कुणीतरी मोबाईलवर हे सगळं काढलं होतं, आणि मी चटणी घेऊन घरी पोचायच्या आत ते पेठ वडगावला माझ्या भावाच्या घरी पोचलं होतं. वहिनीचा फोन आला — “ताई, कागदाची चटणी जमली का हो?” आमचे हे जेवताना म्हणायला लागले, “आज यादी कुटलीय का भाजी केलीय?” वाण्याच्या दुकानातला माणूससुद्धा माझी यादी हातात घेताना गालात हसायचा.

मीही हसायचे. तुम्ही कधी असं हसला आहात का — जबडा दुखेपर्यंत? शोभा तर दुसऱ्या दिवशी सगळं विसरूनही गेली होती. वाटेत भेटली की “वैनी, बरं हाय नव्हं?” म्हणायची. तिच्या मनात काहीच नव्हतं. मला त्याचाच राग जास्त आला. जिनं आपल्याला चारचौघांत उघडं पाडलं तिला ते आठवतही नाही — याचं काय करायचं?

मी वाट बघितली. वर्षभर. त्या वर्षात मी एक गोष्ट शिकले. मेसेज येत होते, मी ते तपासत होते आणि कुठला पळतो, कुठला मरतो ते बघत होते. ज्याच्यात सगळं सांगून टाकलेलं असतं तो मरतो. ज्याच्यात थोडी जागा रिकामी असते तो पळतो. ती जागा आपापल्या परीनं भरायला माणसांना फार आवडतं. माझा तो व्हिडिओ का पळाला होता? कारण प्रत्येकाला त्यात आपला एक विनोद घालता येत होता.

पुढच्या उन्हाळ्यात, हंगाम ऐन भरात असताना, आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. घमेल्यात विटकरी रंगाची जाडसर भुकटी. खाली लिहिलेलं की मंगळवार पेठेतल्या एका डंकावर चटणीत विटेचा चुरा मिसळतात. वर दोन बाण — म्हणजे खूप हातांतून फिरून आलेला. पाचएक मिनिटांत बायकांनी विचारलं, “वैनी, खरं हाय का?”

मी लिहिलं, “चौकशी करते.”

आणि पुढे काहीच लिहिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. एरवी तासाभरात “खोटं आहे” म्हणणारी बाई गप्प आहे, याचा अर्थ बायकांनी काय घ्यायचा तो घेतला. त्यांनी तोच घ्यावा, हेच मला हवं होतं. खोटं न बोलता खोटं सांगता येतं. नुसतं गप्प बसून.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. भित्रेपणा म्हणून खपून गेलं असतं. पण —

तो फोटो मीच काढला होता.

चेष्टा झाली त्याच दिवशी. माझा नंबर शेवटचा, डंक रिकामा होत आलेला, शोभा उखळ पुसत पाठमोरी, आणि समोर ते लाल मिठाचं घमेलं. माझ्यासाठीच कुटलेलं मीठ. मी फोटो काढला. कशासाठी ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, पण मी तो वर्षभर खोडला नाही, हे खरं. आणि हंगाम भरात येण्याची वाट बघून तो वहिनीला पाठवला. वहिनी सात-आठ ग्रुपवर आहे आणि तिच्या हातात आलेली गोष्ट तिच्या हातात राहत नाही. फोटोखाली मी लिहिलं —

“आमच्याकडे एका डंकावर चटणीत विटेचा चुरा घालतात म्हणे. खरं का?”

हा ‘म्हणे’ बघा. लहानपणापासून आपण हा शब्द वापरतो आणि तो काय करतो याचा कधी विचार करत नाही. कोण म्हणे? कुणीच नाही. सगळेच. मी काही सांगत नव्हते. मी फक्त ऐकलं होतं, आणि वर विचारत होते. उद्या कुणी मला उभं करून जाब विचारला असता, तर त्या वाक्यात माझं एकही बोट अडकलं नसतं. मी ते वाक्य चार वेळा लिहून खोडलं होतं. ‘म्हणे’ सुचला तेव्हा मला आनंद झाला. यादी बिनचूक झाल्यावर होतो, तसा.

वहिनीचा लगेच फोन आला. “अगंबाई ताई, खरंच विटेचा चुरा?”

“मला काय माहीत? म्हणून तर तुला विचारलं. माझं नाव नको हं कुठं घेऊस.”

“मी कशाला घेऊ नाव? ‘आलेलं आहे’ म्हणून टाकते की.”

आलेलं आहे. तीही माझ्याइतकीच सुटली. संध्याकाळपर्यंत तो फोटो मुरगूडला माझ्या मावसबहिणीकडे होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ग्रुपवर. वाटेत कुणीतरी ‘म्हणे’ गाळला होता. कुणीतरी ‘खरं का’ गाळलं होतं. ‘आमच्याकडे’च्या जागी पेठेचं नाव आलं होतं.

अजून एक गोष्ट आहे. ती सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ करते आहे.

शोभा बौद्ध आहे. मी हे आत्तापर्यंत तुम्हाला सांगितलं नाही. मेसेजमध्येही लिहिलं नव्हतं. पण पेठेत डंक तेवढा एकच, तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि मी जी जागा रिकामी सोडली होती ती नेमकी हीच होती. ती कशानं भरली जाईल हे मला माहीत नव्हतं? होतं. मला नीट माहीत होतं. फोटो फिरत राहिला आणि त्याच्याखाली एकेक ओळ वाढत गेली. ‘मुद्दाम करतात.’ ‘जैनांच्या चटणीत काय काय घालतात, विचारू नका.’ ‘बाटवायचा डाव आहे, सावध राहा.’ ‘ते लोक.’ कुठले लोक, हे शेवटपर्यंत कुणी लिहिलं नाही. सगळ्यांना कळलं. आमच्याच लोकांसाठी, आमचंच सोवळं सांभाळायला म्हणून तिनं कुटलेलं मीठ — ते आमच्याविरुद्धच्या कटाचा पुरावा झालं. त्या ओळी माझ्या नव्हत्या. एकही नाही. त्यांना जागा मी करून दिली होती.

मग मी काय केलं? रोज दूध आणायला लांबच्या वाटेनं, डंकावरून जायला लागले. डब्यांची रांग आखडत चाललेली बघायला. काही बायका तर आधी ठेवलेले डबे उचलून नेत होत्या, न बोलता, चोरासारख्या. एक दिवस दोन तरुण मोबाईल समोर धरून डंकाच्या दारात बडबडत उभे होते. शोभाचा नवरा त्यांना मिठाचं घमेलं दाखवत होता — “खाऊन बगा की, मीठ हाय ते, चाटून बगा.” कुणी चाटलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या उंबऱ्यावर एक अख्खी वीट ठेवली होती, वर खडूनं लिहिलेलं — ‘हीपण कुटा.’

मला हसू आलं. तिथंच, दुधाची पिशवी हातात घेऊन. तुम्हाला खोटं सांगून काय करू? मला वाटलं, आता कळलं का, काय काय कुटायला देतात लोक.

आणि माझी चटणी? ती मी त्या वर्षी शोभाकडेच कुटून घेतली. रांग नव्हती. मला बघून तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला म्हणाली, “आवो, वैनी आल्यात बगा.” मी गेले कारण मला तिचा चेहरा जवळून बघायचा होता. आणि दुसरं कारण — हे पहिल्यापेक्षा वाईट आहे — शहरात सगळ्यात स्वच्छ चटणी तिथंच मिळते, हे मला पक्कं माहीत होतं. बाकीच्यांना घाबरवून सोडलं, पण माझ्या घरात मला चांगलंच हवं होतं. तिनं माझ्यासमोर उखळात मीठ टाकलं. कुटलं. काढलं. पुसलं. ती चटणी आम्ही वर्षभर खाल्ली, उत्तम झाली होती.

भेसळ तपासणारे येऊन नमुने घेऊन गेले. महिन्याभरानं कागद आला, काही सापडलं नाही असा. शोभानं तो डंकाच्या दारावर चिकटवला. कुणीतरी त्याचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. त्यावर एक अंगठाही आला नाही. त्या कागदात सगळं लिहिलेलं होतं. कुणाला भरायला जागाच नव्हती. त्याच्याखाली मी दोन शब्द लिहिले असते तर? माझे नेहमीचे दोन शब्द. मी फोन उलटा करून ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

तोवर वळीव पडून गेला होता. त्यापुढच्या होळीला त्यांनी डंक उघडला, पण फिरून कुणी आलं नाही. मुसळं भंगारात गेली. शोभाचा नवरा फाउंड्रीत लागला, ती एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला.

आता शेवटचं.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी येते. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल त्याची माफी मागायचा दिवस. पूर्वी घरोघर जाऊन, हात जोडून मागायचे. आता मेसेज पाठवतात. मीही पाठवते — कमळाचं चित्र, खाली ‘उत्तम क्षमा’, चार ओळी कुणीतरी आधीच लिहिलेल्या. फोनमधल्या सगळ्या नावांना एकदम जातो. गेल्या वर्षीही गेला. शोभाचा नंबर डंकाच्या वेळेसाठी कधीतरी घेतलेला होता; तिलाही गेला. मला ते माहीतही नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी मी सिटी बसच्या थांब्यावर उभी होते. ती कंपनीतून आली होती, हातात जेवणाची पिशवी, अंगात कंपनीचा एप्रन तसाच. मला बघून माणसांतून वाट काढत जवळ आली.

“वैनी, मेसेज बगितला तुमचा. माफीचा.”

कुठला मेसेज, ते मला क्षणभर कळलं नाही.

“नवऱ्याला दावला. म्हटलं, बगा, समदी पेठ आमच्यावर तोंड टाकत हुती तवा ह्या बाईनं एक शबुद काढला न्हाय. डबा घिऊन बी आली. आन् वर तीच माफी मागतीया. खरं तर मीच मागाय पायजे, वैनी. त्या कागदावरनं तुमची लई चेष्टा केली हुती मी. भरल्या डंकात. चुकलंच माझं. मनात ठिवू नकासा.”

थांब्यावरची माणसं ऐकत होती. मी म्हटलं, “छे हो. माझ्या लक्षातसुद्धा नाही.”

“तर काय,” ती हसली. “आता कुटायला कागद बी न्हाय की माझ्याकडं.”

तिची बस आली. ती चढली, खिडकीतून हात केला. मीही केला.

तुम्हाला वाटत असेल, मला तिथं रडू आलं असेल, निदान मान खाली गेली असेल. मला बरं वाटत होतं. ज्या माफीसाठी मी हे सगळं केलं, ती मला मिळाली होती — तिच्याच तोंडून, आणि चारचौघांत. घरी येऊन मी जेवले आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली.